देवनहळ्ळीच्या मातीतला गोल

"मॅडम, इतकी वर्षं तुम्ही सल्ला देताय, त्यातून एक तरी नवीन अँटिबायोटिक निघालं का?"

हे विचारायची माझी हिंमतच नाही, असं माझ्या वर्गातले हर्षिता आणि अर्णव बसमध्ये म्हणाले होते. मग काय, विचारलं. तेही माईक हातात घेऊन, सगळ्या हॉलसमोर. आमच्या सरांनी डोळेच मिटून घेतले.

आमच्या बेंगळुरूतल्या एका संस्थेत नवीन अँटिबायोटिक शोधण्याचं संशोधन चालतं आणि त्यातच आम्हा अकरावीवाल्यांना दर शनिवारी प्रशिक्षण असतं. वर्षातून एकदा बाहेरचे तज्ज्ञ सल्लागार येतात. कुठलं काम पुढे न्यायचं आणि कुठलं थांबवायचं, ते सांगतात. त्या दिवशी ते आमचीही पोस्टर्स बघणार होते.

आणि माझं पोस्टर सगळ्यात भारी होतं. उगाच नाही म्हणत. देवनहळ्ळीजवळच्या शेतातली माती पाण्यात ढवळून ते पाणी मी जंतू पसरलेल्या काचेच्या बशीत मधोमध सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती स्वच्छ गोल. तेवढ्या जागेत एकही जंतू वाढला नव्हता. बाबांनी लगेच सगळ्या फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, 'संहिताने नवीन औषध शोधलं.' पुढच्या महिन्यात हेच पोस्टर राज्याच्या प्रदर्शनात जाणार होतं.

तर, माझा प्रश्न. सल्लागारांच्या प्रमुख डॉ. वसुमती. पांढरे केस, कॉटनची साडी, पायात स्पोर्ट्स शूज. त्या शांतपणे म्हणाल्या, "एकही नाही."



"आम्ही जास्त वेळा 'थांबा' म्हणतो," त्या पुढे म्हणाल्या. "चुकीच्या वाटेवर चार हुशार मुलांची पाच वर्षं जाणार असतात, ती वाचवतो. मला त्याचा अभिमान आहे. तुझं पोस्टर कुठलं?"

पोस्टरवरचं माझं आडनाव वाचून त्या इंग्रजीतून एकदम मराठीत आल्या. "आपल्यातली की गं तू. आम्ही इथलेच, कितीतरी पिढ्यांचे. स्वल्प सरक बघू, उजेड अडवतेस." मग गोलावर बोट ठेवलं. "हा कुणी केला?"

"मातीतल्या बॅक्टेरियांनी."

"तू पाहिलंस त्यांना करताना?"

मी नकारार्थी मान हलवली.

"शेतात खत कसलं घालतात?"

"कोंबडीखत. शेजारीच पोल्ट्री आहे."

त्यांच्यासोबतचे डॉ. श्रीवत्स नुसतं "हं" म्हणाले. आणि मला कळलं. कोंबड्यांना औषधं देतात. ती खतातून मातीत आली असतील, तर माझा गोल त्या औषधाचा. दुकानात मिळणाऱ्या.

"आता हे तपासणार कसं?" डॉ. वसुमतींनी विचारलं. "मी नाही सांगणार."

"मातीचं पाणी उकळीन," मी म्हणाले. "बॅक्टेरिया मेल्यावरही गोल आला तर..."

"मरायच्या आधी त्यांनीच काही बनवून ठेवलं असेल तर?"

मी पोस्टरच्या कडेला पेन्सिलीने बाण काढले, खोडले, पुन्हा काढले. त्या घड्याळाकडे न बघता उभ्या राहिल्या. शेवटी मी म्हणाले, "मग त्यांना मातीतून वेगळं काढीन. स्वच्छ बशीत एकटं वाढवीन. बघू, तेव्हा गोल करतात का."

"कर," डॉ. श्रीवत्स म्हणाले. त्यांचा त्या दिवसाचा तो पहिलाच पूर्ण शब्द होता.

केलं. उकळलेल्या पाण्यानेही गोल आला. एकट्या बॅक्टेरियांनी काहीच केलं नाही. संस्थेतल्या मशीनवर तपासलं तर कोंबड्यांचंच औषध निघालं.

"अभिनंदन," अर्णव म्हणाला. "डॉक्टर ऑफ कोंबडी."

मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले. हे इथे लिहितेय, वर्गात सांगणार नाही.

पण तोंड धुताना एक गोष्ट डोक्यात आली. त्या मातीत औषध होतं, मग मातीतले बॅक्टेरिया जिवंत कसे? मी वेगळे काढलेले बॅक्टेरिया घेतले आणि तेच औषध त्यांच्यावर टाकलं. ते मजेत वाढले. गोल नाही, काही नाही. त्या शेतातले जंतू आपल्या औषधाला भीक घालत नाहीत, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. डॉ. वसुमतींना मेल केली. त्यांचं उत्तर आलं: "हे खरं काम. पुढे चालव."

ती मेल मी किती वेळा वाचली ते विचारू नका.

घरी जेवताना बाबा म्हणाले, "अगं पण पोस्टर छापून झालंय. ते परीक्षक कुठे एवढं खोदून विचारणार आहेत? होऊ दे ना प्रदर्शन."

"लोकांना काय सांगायचं आता," आई म्हणाली. "साताऱ्याच्या आत्यांनी तर पेढे वाटले."

एरवी मी मान खाली घालून वरण-भात कालवत बसले असते. त्या दिवशी हात धुऊन उभी राहिले.

"जुनं पोस्टर मी लावणार नाही," मी म्हणाले. "नवीन करतेय. त्यावर पहिल्याच ओळीत असेल की मला औषध सापडलेलं नाही, आणि खाली, मला काय सापडलंय. प्रदर्शन झाल्यावर बारावीचे शनिवारही मी त्याच मातीला देणार आहे. शिकवणीचा क्लास रविवारचा लावीन. हे मी विचारत नाहीये, आई-बाबा. सांगतेय."