फक्त नाव आणि वेळ

वाशीजवळच्या पावणे गावातल्या एका पॅकिंग कंपनीत संघमित्रा टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली त्याला सहा वर्षं झाली होती. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. पण कुठल्या खात्याचा कुठला नंबर, कुठल्या पार्टीचा फोन साहेबांना लगेच द्यायचा आणि कुठल्या पार्टीला साहेब जागेवर नाहीत म्हणून सांगायचं, हे तिच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं. खोके भरायच्या खात्यात अभय होता. त्याला ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं.

आणि तरी ही दोघं गेलं दीड वर्ष रोज बोलत होती. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या शेवटच्या टेबलावर समोरासमोर बसायची. ती फोन तोंडाजवळ धरून हळूच बोलायची, ते त्याच्या फोनवर अक्षरं होऊन उतरायचं. तो टाइप करायचा, आणि तिच्या इअरफोनमध्ये फोनमधली बाई ते मराठीत वाचून दाखवायची. बाकीच्यांना वाटायचं, दोघं आपापल्या फोनमध्ये तोंड खुपसून बसलीत.

अभयचं मराठी त्याचं त्याचं होतं. कर्णबधिरांच्या शाळेत तो डोळ्यांनी भाषा शिकलेला. कानावर ती कधी पडलीच नव्हती. 'काल पाऊस खूप. मी भिज. डबा पण भिज.' फोनमधली बाई हे बातम्या दिल्यासारखं गंभीरपणे वाचायची आणि संघमित्राला हसू आवरायचं नाही. पण तो तिला जे सांगायचा ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. 'मागचा नाला आज जांभळा. काल पिवळा. बगळा विचार करून उभा.' आंधळ्या माणसाला लोक पायरी सांगतात, खड्डा सांगतात. नाल्याचा रंग कोण सांगतो?

ऑगस्ट संपता संपता फोनने अपडेट घेतलं. तिने मागितलं नव्हतं. सकाळी उठली तेव्हा ते होऊन गेलेलं होतं, आणि फोनमध्ये मराठी बाईच्या जागी एक इंग्रजी बाई आली होती. या बाईला देवनागरी अक्षर दिसलं की ती गप्प बसायची. मराठीच नाही, हिंदीही गेली होती. दुपारी कॅन्टीनमध्ये अभयचा मेसेज आला आणि ती बाई म्हणाली, "अभय. वन ओ फोर पीएम." पुढे काही नाही. संघमित्राने पुन्हा बोट फिरवलं. "अभय. वन ओ फोर पीएम."

तिचं बोललेलं मात्र अजून लिहिलं जात होतं. तिने त्याला सांगितलं, "माझा फोन तुझं वाचत नाहीये." म्हणजे ती त्याच्याशी बोलू शकत होती, आणि त्याचं उत्तर तिच्यापर्यंत येत नव्हतं. इंग्रजी अक्षरांत लिहून बघ, असंही तिने सुचवलं. त्याने बिचाऱ्याने प्रयत्न केला. पण जे शब्द कधी ऐकले नाहीत ते इंग्रजी अक्षरांत उतरवायचे कसे? इंग्रजी बाईने त्याचं पार भरीत करून टाकलं.

संध्याकाळी बोनकोड्याला घरी आल्यावर तिने मीनावहिनीला फोन दिला. "वहिनी, एवढं वाचून दाखव ना."

मीना वाचू लागली आणि मधेच फिसकन हसली. "'तुझी ओढणी हिरवी. झाड सारखी.' कोण गं हा? दुसरीतला पोरगा पण यापेक्षा बरं लिहील!"

मीनाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण रात्री जेवताना दादाने विचारलं, "काय, कसा आहे तुझा झाडवाला?" आणि सगळे हसले. त्या दिवशी संघमित्राने ठरवलं, त्याचं लिहिलेलं पुन्हा कुणाच्या तोंडी द्यायचं नाही.

मग दोघांनी एक वाट काढली. अभय चित्रं पाठवायचा. ती छोटी चित्रं इंग्रजी बाईला ओळखता येत. "अम्ब्रेला." "बस." "स्मायलिंग फेस." ती हो-नाहीचे प्रश्न विचारायची, तो अंगठा वर किंवा अंगठा खाली पाठवायचा. पण नाल्याचा रंग आता तिला कळत नव्हता, आणि बगळ्याच्या मनात काय चाललंय तेही.

तिने हात-पाय मारले. फोन कंपनीच्या हेल्पलाइनला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तिच्या गैरसोयीबद्दल त्यांना खेद होता. शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना विचारलं, तर दोघींची तीच गत. एकीने नवीन फोन घेतला तर त्यातही तीच इंग्रजी बाई. शेवटी एका गुरुवारी हाफ डे टाकून ती वाशीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. तिथल्या आकाश नावाच्या मुलाने तासभर खटपट केली आणि कुठून तरी जुना आवाज आणून बसवला.

"अपडेट मागे घेता येत नाय मॅडम," तो म्हणाला. "हा आपला जुगाड आहे. टिकला तर टिकला."

तिथल्या बाकावर बसूनच तिने अभयला सांगितलं, "आवाज आला! आता काय लिहायचंय ते लिही."

'खरा?' फोनमधली बाई मराठीत वाचू लागली. 'मी खूप आनंद.' आणि पाठोपाठ फुलं, फटाके, माकडं, जे सापडेल ते त्याने पाठवलं.

ती दुपारी कामावर आली. चारच्या सुमाराला फोन आपणहून थरथरला, बंद पडला, पुन्हा सुरू झाला. पाच वाजून बारा मिनिटांनी अभयचा मेसेज आला. "अभय. फाइव्ह ट्वेल्व्ह पीएम." मग काही मिनिटांनी तीन चित्रं. "ओल्ड वूमन. हाऊस. फोल्डेड हॅन्ड्स."

संघमित्राने ती पुन्हा ऐकली. म्हातारी बाई, घर, जोडलेले हात. अभयची आई गावी, खेडकडे असायची. तिला शुगरचा त्रास होता. म्हणजे आईचं काही तरी झालंय.

आवाज पुन्हा गेला, एवढंच तिला सांगायचं होतं. पण सकाळची ती फुलं आणि माकडं तिला आठवली, आणि त्याचा तो आनंद मोडवेना. उद्या आकाशकडे जाऊ, दहा मिनिटांत तो करून देईल, मग नीट वाचू, असा तिने विचार केला. आत्ता त्याला धीर देणं महत्त्वाचं. ती फोनमध्ये बोलली, "तू आईजवळ जा. आई सांगेल तसं कर. माझा विचार आत्ता करू नकोस."

ती बोर्ड बंद करायला लागली. मग इंग्रजी बाई म्हणाली, "थम्ब्ज अप."

दुसऱ्या दिवशी अभय रजेवर गेला. आकाशने फोन उलटसुलट करून परत दिला. "तो रस्ताच बंद केला त्यांनी, मॅडम. आता पुढच्या अपडेटची वाट बघायची." तिने अभयला रोज विचारलं, आई कशी आहे? ना अंगठा आला, ना चित्र. दवाखान्याच्या धावपळीत असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. तो मेसेज मात्र तिने कुणाला वाचायला दिला नाही; 'झाडवाला' अजून कानात होता.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिच्या बोर्डाजवळ कुणी तरी येऊन उभं राहिलं. चिकटपट्टीच्या डिंकाचा वास आला, अभय. त्याने तिचा हात ओढून त्यात एक पेढा ठेवला आणि लगेच निघून गेला.

"आई बरी झाली वाटतं," संघमित्रा शेजारच्या ज्ञानेश्वरीला म्हणाली. ज्ञानेश्वरी डिस्पॅचची चलनं करायची, मूळची साताऱ्याकडची, कमी बोलणारी बाई.

"आईला काय धाड भरलीय?" ज्ञानेश्वरी म्हणाली. "साखरपुडा झाला त्याचा. गावचीच पोरगी हाय म्हनं."

संघमित्रा बराच वेळ पेढा धरून बसली. बोर्ड दोनदा वाजला, तिने दोन्ही फोन जोडून दिले. मग खिशातला मोबाइल काढून ज्ञानेश्वरीपुढे धरला. "त्याचा शेवटचा मोठा मेसेज आहे. हसू नको. आहे तसा वाच."

ज्ञानेश्वरी हसली नाही. शब्द लागत नव्हते तिथे थांबत तिने वाचलं.

'आई रविवार मुलगी बघ. गाव मुलगी. मी तुला विचार. तू माझ्या बरोबर घर कर? तू हो तर मी आई पाया पड, लग्न नको सांग. तू नाही तर आई सांग ते मी कर. राग नाही. आज सांग.'

"मग तू काय म्हनालीस?" ज्ञानेश्वरीने विचारलं आणि तिने बोट खाली सरकवल्याची टिकटिक ऐकू आली. खालचं उत्तर तिने मनातच वाचलं असावं, कारण नंतर ती फक्त म्हणाली, "अगं बाई."

"मला वाटलं आई आजारी आहे."

"जा, आत्ताच्या आत्ता सांग त्याला."

संघमित्राने सांगितलं. फोन पुन्हा बिघडला होता, मला वाचता आलं नव्हतं, मी खोटं बोलले, माझं उत्तर त्या प्रश्नाचं नव्हतंच. बोलताना आवाज फुटला आणि दोन शब्द चुकीचे उमटले. ज्ञानेश्वरीने ते दुरुस्त करून पाठवलं. मग ती खोके भरायचं खातं दिसणाऱ्या काचेपाशी जाऊन उभी राहिली. "वाचतोय," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "खोक्यावर बसला."

सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी काही आलं नाही. साडेतीनला आलं. ते ज्ञानेश्वरीनेच वाचलं.

'मी समज नाही. मी खूप रड गाव. आता आई शब्द दिला. मुलगी हातात हिरवा चुडा घाल, खुश. तिची चूक नाही.'

"बरोबर आहे," संघमित्रा म्हणाली. "तिची काय चूक?"

 ज्ञानेश्वरीने पाण्याची बाटली उघडून संघमित्राच्या हातात दिली.

महिन्याभरात अभयने तळोज्याच्या युनिटला बदली मागून घेतली. तिथून कामोठ्याची त्याची खोली जवळ, असं कारण त्याने दिलं म्हणे. जाताना तो बोर्डाजवळ आला की नाही, हे तिला कळलं नाही. आला असेल तर लांबूनच उभा राहिला असेल.

दिवाळीनंतर नवं अपडेट आलं. मराठी बाई परत आली, पहिल्यापेक्षा स्पष्ट. दादा म्हणाला, "बघ, उगाच टेन्शन घेत होतीस." आता ती बाई सगळं वाचते. बँकेचे मेसेज, कपड्यांच्या सेलच्या जाहिराती, सोसायटीच्या ग्रुपवरची भांडणं. परवा सकाळी सहाला तिने वाचलं, 'आज पाणी फक्त अर्धा तास.' घरात सगळे झोपले होते. संघमित्रा उठली आणि चाचपडत बादल्या नळाखाली लावू लागली.