सात गाठींचा दोरा

रविवारची प्रार्थना सुटली की पोरी थेट तोडगे करणाऱ्या दोन्या ब्राउलियाच्या, म्हणजे ब्राउलियाबाईच्या अंगणात. होंडुरासच्या कॉफीमळ्यांतलं ते खेडं या बाईने वेडं केलं होतं. लाल अंबाडीच्या सरबतात पोरीला थुंकायला लावायचं, चमच्याने ढवळायचं, की सरबत निळंकाळं! "कूस उघडी गं, माझे बाय!" मग लिंबू पिळून मंत्र, आणि सरबत पुन्हा लालभडक. "लागलं कुलूप!" सात गाठींचा दोरा कमरेला बांधला की वर्षभर पोट राहायची भीती नाही म्हणे. देवाला बिचाऱ्याला आता कुलपांचाही धंदा!

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ओतिलियाबाई आज त्या रांगेत घुसल्या, त्या नेरेइदामुळे. वर्गातली सर्वांत हुशार पोर. शहरात नर्सिंगला जागा मिळालेली. काल तिने बाईंसमोर रडत रडत स्वेटर वर केला होता. कमरेला दोरा होता आणि पोटात पाच महिन्यांचं मूल. नर्सिंगची जागा आता गेल्यातच जमा होती.

"माझंही बघा, दोन्या."

"या वयात, बाई?" पोरी खिदळल्या.

बाई थुंकल्याच नाहीत. चमचा हिसकून नुसतं ढवळलं. सरबत काळं झालं.

"श्रद्धा नसली की असंच होतं!" दोन्या कडाडली.

बाईंनी लिंबू पिळलं. सरबत लाल झालं. "माझी तर तुमच्यावर तिळभर श्रद्धा नाही, मग हे कसं? पोरींनो, चमच्याला खायचा सोडा फासलाय. सोड्याने काळं, लिंबाने लाल. घरी करून बघा. दोऱ्याने गर्भ थांबत नाही. दवाखान्यात गोळ्या आहेत, निरोध आहेत."

"बाई, तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं?" मागून नेरेइदाने विचारलं.

"हो गं."

"मग पुस्तकातला, मूल कसं राहतं तो धडा का नाही शिकवलात?"

बाईंची मान खाली गेली. त्या धड्यावरून पालकांनी गोंधळ घातला, तेव्हा नोकरीच्या भीतीने त्यांनीच सगळ्यांच्या पुस्तकांतली ती पानं पिना मारून बंद केली होती.

"आम्हाला वाटलं, त्या पानांत घाणच असणार," नेरेइदा म्हणाली. "दोन्याने निदान जवळ बसवून घेतलं."

बाईंना रडू आवरेना. तिथेच जमिनीवर बसून त्यांनी पिशवीतलं पुस्तक काढलं आणि नखांनी पिना उपसायला सुरुवात केली. "दोऱ्याला विचारू नका, मला विचारा. लाज वाटली तरी विचारा. पटेपर्यंत विचारा."

एकेक पोर जवळ सरकली. नेरेइदा मात्र होती तिथेच उभी राहिली. तिच्यासाठी तो धडा पाच महिने उशिरा उघडला होता.