खोगीर उतरव, पोरा

तीस वर्षं माझा नवरा एका अमेरिकन नटाच्या तोंडून जर्मन बोलला. आमच्याकडे परदेशी सिनेमा जर्मनमध्येच लागतो आणि प्रत्येक मोठ्या नटाचा जर्मन आवाज ठरलेला असतो. हा अमेरिकन नट सिनेमात कायम घोडेस्वार, आणि त्या घोडेस्वाराचा जर्मन आवाज म्हणजे आमचा गोटहार्ट उलिग. नाटकात त्याने राजे केले, खुनी केले, पडद्यावर डॉक्टर केले, लोकांना त्यातलं काही आठवत नाही. पण बर्लिनमध्ये कुठेही त्याने तोंड उघडलं की माना वळतात, आणि चेहरा बघून लोकांची तोंडं पडतात.

कोपऱ्यावरची बेकरीवाली फ्राऊ क्रेब्स तर हद्दच करते. आधी आदराने 'हेर', म्हणजे श्रीयुत, म्हणते आणि मग अडवते. "हेर उलिग, एकदा म्हणा ना, सिनेमातलं ते, 'खोगीर उतरव, पोरा.' मग देते पाव."

आणि हा म्हणतो. रोज म्हणतो. मी मागे पिशवी धरून उभी.

उतारवयात याला एकदाची मोठी भूमिका मिळाली. म्हातारा नावाडी, नदीवर पूल झाला, नाव बंद पडली, आता घर पाडायला माणसं येणार. "मी इथून जाणार नाही," या एका वाक्यावर सगळं नाटक उभं. गोटहार्टची एवढीच इच्छा होती, की एकदा तरी लोकांनी त्याला ऐकावं, त्या घोडेस्वाराला नाही.

पहिल्याच तालमीत त्याने ते वाक्य म्हटलं आणि दिवेवाला फिस्सकन हसला. झालं. घोडेस्वार लपवायला घरात आवाजांची जत्रा भरली. घोगरा, चिरका, दमेकऱ्याचा. बटाटे सोलता सोलता माझं डोकं उठलं. तिकडे दिग्दर्शक मालतेही वैतागला.

"गोटहार्ट, सोंगं पुरेत. तुझा स्वतःचा आवाज काढ."

"तो कुठला?" गोटहार्टने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता.

घरी आल्या आल्या आरडाओरडा सुरू. "रोसविता, चष्मा कुठं ठिवलास माजा? या घरात एक वस्तू जाग्यावर ऱ्हाईल तर शपथ."

"डोक्यावर आहे," मी म्हटलं.

ही त्याच्या सॅक्सनीतल्या गावची बोली. देशभर लोक तिला हसतात, म्हणून नाट्यशाळेत ती घासून काढली होती. चिडला की तेवढी बाहेर येते, आणि ती माझ्याच वाट्याला.

पहिल्या प्रयोगाला मी विंगेत गेले, त्याच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "टोय, टोय, टोय." या शुभेच्छेला आभार मानायचे नसतात, मानले की नाटक पडतं. थिएटरातल्या झाडूवाल्यालाही हे ठाऊक असतं.

"आभारी आहे," गोटहार्ट म्हणाला.

"जन्म रंगमंचावर काढलास ना रे? आजच सुचलं?"

"सुटलं तोंडातून. आता काय गिळू व्हय?"

मी कपाळाला हात लावून तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. ते वाक्य आलं. "मी इथून जाणार नाही." त्याच खर्जात, त्याच घोडेस्वाराच्या तोऱ्यात. मागून कुणीतरी ओरडलं, "खोगीर उतरव, पोरा." सगळं थिएटर खदखदून हसलं.

गोटहार्टने वल्हं खाली ठेवलं. त्याची मान लाल झाली, अगदी चष्मा हरवल्यावर होते तशी.

"न्हाई जानार," तो म्हणाला. "कुनीबी येऊ दे. न्हाई म्हंजी न्हाई."

कुणी हसलं नाही. शेवटपर्यंत तो तसाच बोलला. ज्या आवाजाशी मी उभा जन्म भांडले त्यानेच मला रडवलं, आणि त्याचाही मला राग आला.

सकाळी बेकरीत फ्राऊ क्रेब्स मला म्हणाली, "नाटक छान हो. पण हेर उलिगना बरं नव्हतं का? आवाज पार गेला होता."

"माजाच हाय त्यो," गोटहार्ट म्हणाला.

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मध घालून गरम दूध द्या त्यांना. आणि घसा सुटला की म्हणा हं, हेर उलिग, ते खोगिराचं."

"न्हाई," तो म्हणाला आणि पाव न घेताच बाहेर पडला. चष्मा काउंटरवरच विसरला.

मी तो उचलून पिशवीत टाकला. ओरडू दे घरी जाऊन.