निरोगी भावंड

…सातवा आकडा कानामागच्या केसांतून निघाला, आणि तो ट्रेमध्ये ठेवताना अंबिकेच्या लक्षात आलं की आधीचे सहा तिनं तोंडं एकाच दिशेला करून, अगदी ओळीत मांडलेत. तिनं ट्रे हळूच हलवला. विस्कटले. बरं झालं.

"मंगळसूत्रसुद्धा काढा बरं का ताई," पूजा म्हणाली. शेवगावची पोरगी, पुण्यात शिकली, आणि आता लहानपणी ऑटिझमचं निदान झालेल्यांच्या आणि त्यांच्या सख्ख्या भावंडांच्या मेंदूंची एमआरआय चित्रं गोळा करत नगरभर हिंडते. नरूचं चित्र सकाळीच निघालं. अठ्ठेचाळीस वर्षांचा धाकटा भाऊ बाहेर बाकावर चहाची वाट बघत होता. आता पाळी 'निरोगी भावंडा'ची. फॉर्मवर तसंच छापलेलं. बावन्न वर्षांत एवढं चांगलं प्रमाणपत्र तिला कुणी दिलं नव्हतं — तेही शुगर असताना.

भिंगारचा ओटा… आई आत वर्षाची चिंच फोडतेय, आणि नरू चिकट चिंचोक्यांची रांग लावतोय, उंबऱ्यापासून पार नळापर्यंत. दुसऱ्या कुणाचा हात त्याला चालायचा नाही, माझा चालायचा. मी त्याच्यापेक्षा सरळ लावायचे! शब्द लागायचेच नाहीत आम्हाला. कुणाच्या पायानं एक चिंचोका सरकला की दोघांच्याही पोटात कळ, आणि दोघांचं एका सुरात भोकाड — मग एका दुपारी आई चिंच टाकून धावत आली आणि माझ्या, फक्त माझ्याच, पाठीत धपाटा घातला. "एक पुरे आहे मला, अंबू. एक पुरे." रागावली नव्हती ती. विनवत होती. दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीत लगोरी खेळायला लागले, चांगला आरडाओरडा करून. मुलगी गुणाची, म्हणायचे सगळे. कळ काही थांबली नाही — पाहुण्यांनी चपला वाकड्या काढल्या की अजून येते. ती कळ मी स्वयंपाकघरात जाऊन गिळायची.

"शेवटचं, ताई. पुन्हा वाचून दाखवायचा नियम आहे. लहानपणी वस्तूंच्या रांगा लावणं, जरा बदल झाला की सहन न होणं — तुम्ही 'नाही' सांगितलंय."

"खोड ते."

"अं?"

"हो लिही."

पूजाचं पेन थांबलं. "अहो ताई, मग तुम्ही निरोगी गटात बसतच नाही! आणि हे आत्ता सांगताय? थांबा, सरांना फोन लावते. चिडणारेत बघा."

अंबिका तो दवाखान्याचा ढगळ झगा सावरत बाहेर आली.

"अंबूचा फोटो झाला?" नरूनं भिंतीकडे बघत विचारलं.

"नाही रे. नापास झाले मी."

"नापास," तो समाधानानं म्हणाला, आणि बाकावर जरासा सरकला. कुणासाठी सरकत नाही तो. "नापास. चहा मिळेल."

वाटलं होतं, हलकं वाटेल… आला तो राग — आठ वर्षांपूर्वी गेलेल्या बाईवर, जिनं एका धपाट्यात मला लपवलं. वाचवलं म्हणा हवं तर, तेही खरंच. आणि रागाच्या खाली काहीतरी, या वयात लाज वाटावी असं. आत पूजाचं "हो सर, नाही सर" चाललं होतं. काय ठरतंय ते ऐकायची घाईच वाटेना. नरूचे केस आई रोज विंचरायची, तास तास, गुणगुणत. माझी वेणी माझी मी घालायची — गुणाची ना! दोघंही तसेच असतो… तर आई, दोघांनाही घेतलं असतंस का गं तू मांडीवर?