सोनिवलीच्या अंगणात मला एक मार्क मिळाला

या मित्रांनो, टेका बूड. एक गोष्ट सांगतो. सरळ सांगता येईल का माहीत नाही, कारण ती अजून माझ्याच डोक्यात नीट बसलेली नाही. पण खोटं सांगणार नाही.

मी एक जुना रेडिओ आहे. शॉर्टवेव्हवाला. समुद्रापलीकडचं बोलणं खेचून आणणारा, हां! लाकडाची पेटी, पुढे जाळी, दोन मोठी बटणं आणि काचेमागे लाल काटा. शाळा काय मी बघितली नाही. पण जगातल्या भाषा माझ्या पोटातून गेल्यात. कळली एकही नाही, ती गोष्ट वेगळी.

आमचे मालक रामभाऊ. राहायला बदलापूरला, खरवईत. उल्हासनगरच्या बाजारातून मला टॉवेलात गुंडाळून आणलं, तेव्हा त्यांची मिशी काळी होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते पत्रा ठोकायच्या प्रेसवर होते. दिवसभर धाड, धाड, धाड. घरी आले की हातपाय धुवायचे आणि मला मांडीवर घ्यायचे. "आपला रेडिओ म्हणजे वाघ आहे वाघ," असं आल्यागेल्याला सांगायचे. मी पण मग छाती फुगवून बोलायचो.

पुढे टीव्ही आला आणि वाघ गेला कपाटावर. रामभाऊ रिटायर झाले, तेव्हा त्यांनी मला परत खाली काढलं, धूळ पुसली, नवे सेल घातले. पण चांगुणाबाईंची, म्हणजे आमच्या मालकीणबाईंची, सिरियल चालू असायची. म्हणून रामभाऊंनी कानाला हेडफोन लावले. तेव्हापासून मी जे काय बोललो ते फक्त त्यांच्या कानात.

असेच रेडिओवेडे अजून दोघं त्यांना भेटले. एक सोनिवलीचे बाळाजी, शेतकरी माणूस. दुसरी माधवी, कॉम्प्युटरवर काम करणारी पोरगी. रामभाऊंनी तिघांचा ग्रुप केला. कुठलं स्टेशन लागलं, कसं ऐकू आलं, ते प्रत्येकानं लिहायचं. आवाजाला एक ते पाच मार्क द्यायचे. मग माधवी सगळ्यांचं एकत्र करून त्या स्टेशनला पाठवणार आणि तिकडून चित्राचं कार्ड येणार. कार्ड आलं की रामभाऊ ते अख्ख्या बिल्डिंगला दाखवायचे.

नियम रामभाऊंनीच घातला होता. "ज्याचा सेट त्याचाच कान. दुसऱ्याच्या सेटला हात लावायचा नाही. हेडफोन घालायचे आणि मान खाली घालून लिहायचं. कॉपी केली तर त्या लिहिण्याला काय अर्थ?"

सगळं छान चाललं होतं मित्रांनो. मग माझं काय बिघडलं कोण जाणे.

रामभाऊ माझं आवाजाचं बटण जरा वर सरकवायला लागले. मग अजून वर. मग पार शेवटपर्यंत. मी बोलत होतो तसाच बोलत होतो, पण ते मला हलवायचे, पाठीवर चापट मारायचे. "काय रे, घसा बसला का तुझा?" मला वाटलं, बसला असेल. म्हातारपण आहे. आपलं आपल्याला कुठे कळतं?

मला उल्हासनगरला लच्छू मिस्त्रीकडे नेलं. लच्छूनं माझं पोट उघडलं, फुंकर मारली, मला टेबलावर हेडफोनशिवाय मोकळं बोलू दिलं.

"साईं, टकाटक बोल रहा है! क्या बनाऊँ इसमें?"

"स्पीकरवर बोलतो रे. हेडफोनमध्ये मरतो."

लच्छूनं हेडफोन कानाला लावले आणि लगेच भाजल्यासारखे काढले. "बाप रे! कान फाड़ेगा क्या?"

बाहेर आल्यावर रामभाऊ पुटपुटले, "लच्छूला आता काही येत नाही." आता बोला! मिस्त्री म्हणतो ठीक, मालक म्हणतो मेलेला. मी कुणाचं खरं धरू?

घरी वेगळंच. चांगुणाबाई स्वयंपाकघरातून दहा हाका मारायच्या आणि मग बाहेर येऊन कंबरेवर हात ठेवायच्या. "ऐकायचं नसलं की हा माणूस बहिरा! सगळी त्या खोक्याची करणी." घ्या. तिथेही मीच.

मग एका लांबच्या स्टेशननं कळवलं, एकाच जागी बसून वेगवेगळ्या सेटवर आम्हाला ऐका आणि लिहून पाठवा. बिल्डिंगमध्ये त्या नव्या दिव्यांची आणि चार्जरची खरखर फार, म्हणून बैठक ठरली सोनिवलीला, बाळाजींच्या अंगणात. निघताना रामभाऊ मला म्हणाले, "आज तुझी शेवटची परीक्षा. नाही बोललास तर उद्या भंगारवाला." पिशवीत घालताना मात्र टॉवेल दोनदा नीट केला.

चांगुणाबाई पण आल्या, बाळाजींच्या बायकोकडून, बकुळाबाईंकडून, भाजी न्यायला. आंब्याला एरियलची तार बांधली. तिघं तीन कोपऱ्यांत, एकमेकांकडे पाठ करून, कानाला हेडफोन. मी जीव तोडून बोललो मित्रांनो. असा बोललो की माझी पेटी थरथरली.

कार्यक्रम संपला. माधवीनं सगळ्यांचे मार्क वाचले. तिच्या सेटला चार. बाळाजींच्या सेटला पाच. मला एक.

"काका, जागा एक, तार एक, आणि तुम्हाला एकच मार्क?"

"मना त सगला ऐकू आला," बाळाजी म्हणाले. "रामभाव, तुजा रेडिव गेला रं. दे भंगारात."

रामभाऊंनी हेडफोन काढून मांडीवर टाकले. मी चालूच होतो, पुढचा कार्यक्रम लागला होता. बोलत होतो. चांगुणाबाई भाजीची पिशवी घेऊन मागून आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"अहो, केवढा बोंबलतोय तो!"

रामभाऊ वळले नाहीत.

"अहो, तुमच्याशी बोलतेय!"

नाहीच वळले. बाईंनी पिशवी खाली ठेवली, नियमबियम काही न बघता हेडफोन उचलले आणि कानाजवळ नेले. पटकन लांब धरले. मग ते बाळाजींकडे दिले, बाळाजींनी माधवीकडे.

रामभाऊ एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "काय? बोलतोय का?"

बाळाजींनी मान हलवली. हो.

"चांगला बोलतोय?"

परत हो.

रामभाऊ माझ्या जाळीवरून हात फिरवत राहिले. मग माधवीला म्हणाले, "पोरी, माझा एक मार्क खोडू नकोस. ऐकू आलं तेच लिहायचं. फक्त पुढे लिही, सेट ठीक आहे. ऐकणाऱ्याचे कान प्रेसवर गेले."

चांगुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "आणि मी मेली म्हणत होते, सोंग करतो!"

डॉक्टरही तेच बोलले. कानात घालायचं छोटं मशीन दिलं. ते डबीत पडून आहे. "ते घातलं की लोक म्हातारा म्हणतील," रामभाऊंचं म्हणणं. "मग आता काय कोवळे आहात?" बाई विचारतात. रामभाऊंना ऐकूच जात नाही!

मला भंगारात दिलं नाही. माझ्यात बिघाड नव्हता, एवढं मला कळलं. पण ज्याच्यासाठी बोलायचं त्याच्यापर्यंत पोचत नसेल, तर माझं ठीक असणं काय कामाचं, हे नाही कळलं. कुणाला विचारू?

तेव्हा मित्रांनो, एक काम करा. माझं काही त्यांना ऐकू जात नाही. खरवईला आलात तर आमच्या रामभाऊंना तुम्ही सांगा, ते मशीन घाला म्हणून. मागून हाक मारू नका. समोर बसा, तोंडाकडे बघू द्या आणि सावकाश सांगा.