पिंपवाल्यांची नदी

आमच्या नदीचं नाव बिस्त्रा, म्हणजे निवळ. माझ्या लहानपणी ही देवाने केलेली थट्टाच वाटे. डोंगरातून ती नावाप्रमाणे यायची, पण रसायनांच्या कारखान्याला वळसा घालून गावात शिरली, की तिच्यात पाय घालणाऱ्याचे घोटे चुरचुरत राहायचे. म्हणून जॉर्डनच्या सणाला, येशूच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, आमचे धर्मगुरू अम्ब्रोसीबाबा क्रूस नदीत टाकत नसत. चर्चच्या अंगणात कोबी आंबवायचं मोठं पिंप पाण्याने भरायचं, क्रूस त्यात सोडायचा, आणि कुणीतरी बाही वर सारून तो बाहेर काढायचा. भर जानेवारीत बाकीच्या गावांतली पोरं क्रूस काढायला बर्फगार नदीत उड्या घेत, आणि आमची पोरं पिंपात हात घालत! शेजारगाव आम्हाला 'पिंपवाले' म्हणे. सोयरिकीच्या बोलण्यातसुद्धा, "मुलगी गुणाची आहे हो, पण पडली पिंपवाल्यांची."

पुढे त्याच कारखान्यात सुरक्षेचं आणि सांडपाण्याचं काम माझ्याकडे आलं. गळके नळ बदलले, नवे हौद बांधले. पाणी आधी हौदांत निवळतं, मग जिवाणू त्यातली घाण खातात, आणि तपासल्याशिवाय त्यातला थेंबही नदीत जात नाही. हौदांवर माणसं पडण्याची भीती असते, म्हणून मी एक नियम घातला होता: पडलेल्याला काढायला एकट्याने उतरायचं नाही. पहिल्याच्या कमरेला दोरी, आणि मागच्याने पुढच्याचा पट्टा धरायचा. हे शिकवताना पहिले काही महिने सगळे एकमेकांच्या पायांवर पडत होते. मग मी म्हटलं, "अरे, होरो नाचताना कसे पट्टे धरता? तसं धरा. पाऊलही तेच." झालं! त्या दिवसापासून ढोल नसला तरी साखळी ठेक्यात चालू लागली.

आमचा मुकादम ग्रोझ्दानदादा यावरून मला फार छळायचा. "नेव्याना, प्रभू येशूलासुद्धा जॉर्डन नदीत उतरण्याआधी तुझ्याकडून परवाना काढावा लागला असता!"

"त्याच्याबरोबर बाप्तिस्मा देणारा योहान होता, दादा," मी म्हणे. "एकटा नव्हता उतरला."

पाणी सुधारलं तसे माशांचे थवे पुलाखाली दिसू लागले. मी अम्ब्रोसीबाबांकडे गेले आणि म्हटलं, "बाबा, यंदा क्रूस नदीत टाका."

बाबांचं प्रवचन म्हणजे अर्धं बोलणं आणि अर्धं गाणं. बोलता बोलता त्यांचा आवाज कधी सुरात शिरतो ते चर्चमध्ये त्यांच्यामागे गाणाऱ्या आम्हालाही कळत नाही. पण त्या दिवशी ते साधंच बोलले. "पोरी, तुझे आकडे चांगले आहेत. पण आकडे आंघोळ करत नाहीत. मी क्रूस टाकला आणि कुणी उतरलंच नाही, तर? क्रूस वाहून जाईल, आणि गाव म्हणेल, बघा, देवालासुद्धा ही नदी नको. मग तुझे हौद सोन्याचे असले तरी आपण कायमचे पिंपवाले."

"माझी माणसं उतरतील, बाबा."

असं मी म्हणाले खरी, पण घरोघरी काय चाललंय ते मला ठाऊक होतं. ग्रोझ्दानदादाच्या बायकोने तर त्याला बजावलं होतं, "अंगावर पुरळ घेऊन आलास, तर गोठ्यात झोपायचं!"

आणि साहेबांचा आणखी एक घोर होता. लाइटगेबसाहेब त्याच शरदात ऑस्ट्रियाहून आमच्या कारखान्याचे प्रमुख म्हणून आले होते. माणूस सोन्यासारखा, पण आमची मान त्यांना कळेना. आमच्याकडे हो म्हणायला मान आडवी हलते आणि नाही म्हणायला उभी. कॅन्टीनमध्ये घेवड्याचं सूप वाढणारीने "आणखी?" विचारलं, की साहेब खुशीत मान वरखाली करायचे, आणि ती बिचारी ताट उचलून न्यायची. असे कितीतरी दिवस ते अर्धपोटी उठले.

सणाची सकाळ उजाडली. काठाला बर्फाची पातळ कड धरली होती. मी दोरी, घोंगड्या, डॉक्टर, सगळं तयार ठेवलं होतं. पुलावर गाव लोटलं होतं, आणि पलीकडच्या काठावर शेजारगावची मंडळी मजा बघायला आली होती. "पिंप विसरलात का हो?" तिकडून आरोळी आली.

बाबांनी गायला सुरुवात केली. येशू उतरला तेव्हा आकाश उघडलं, जॉर्डनचं पाणी मागे वळलं, ते सारं त्यांनी असं गायलं की माझ्या अंगावर काटा आला. मग त्यांनी सब्ज्याची जुडी पाण्यात बुडवून चारी दिशांना शिंपडली आणि लाकडी क्रूस उंच धरला.

"उतरणार ना रे, लेकरांनो?"

माझे लोक काठावर उघड्या अंगाने उभे होते, आणि त्यांच्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. मी मनात प्रभूचं नाव घेतलं. तेवढ्यात ग्रोझ्दानदादाची मान हलली. आडवी. त्याच्या शेजारच्याची हलली. मग सगळ्या ओळीची मान आडवी हलू लागली. हो, हो, हो! माझे डोळे भरून आले.

बाबांनी क्रूस टाकला.

आणि माझ्या शेजारून "नको! वाहून जाईल!" असा आवाज आला. लाइटगेबसाहेबांनी कोट फेकला आणि बुटांसकट नदीत उडी मारली.

"अहो साहेब!" ग्रोझ्दानदादा ओरडला. "आम्ही हो म्हणतोय, हो!"

साहेबांना पोहता येत होतं. चार हात मारून त्यांनी क्रूस पकडलाही. पण गारठ्याने त्यांचा श्वास अडकला. तोंड उघडं, आवाज नाही, आणि प्रवाह त्यांना मधल्या धारेकडे नेऊ लागला.

"साखळी!" मी ओरडले.

दादाच्या कमरेला दोरी बांधलेलीच होती. तो उतरला, त्याच्या मागे दुसरा, तिसरा, सगळे एकमेकांचे पट्टे धरून. पुलावरच्या ढोलकऱ्याला पट्टे धरलेले दिसले, आणि सवयीने त्याने होरोचा ठेका धरला! त्याच ठेक्यात माझी माणसं पाण्यात पुढे सरकली. छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. कुणाचा हात सुटला नाही. दादाने साहेबांची कॉलर धरली, आणि तीच साखळी नाचत मागे आली.

काठावर आल्यावर कुणी क्रूसाकडे बघेना. सगळं गाव साहेबांच्या अंगाकडे बघत होतं. डॉक्टरने त्यांचा सदरा काढला. आधी ग्रोझ्दानदादाची बायको पुढे घुसली, साहेबांची पाठ तपासली, मग नवऱ्याची, मग पुन्हा साहेबांची.

"लाल झालाय," ती म्हणाली. "पण थंडीने. पुरळ नाही!" आणि ओंजळीत नदीचं पाणी घेऊन तिने स्वतःच्या तोंडावर मारलं.

मग काय विचारता! लहानथोर पाण्याकडे धावले. अम्ब्रोसीबाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून "बिस्त्रा, बिस्त्रा" असं नदीचं नावच आळवू लागले, आम्ही मागून सूर धरला, आणि पलीकडच्या काठावरून शेजारगावही गाऊ लागलं.

साहेब घोंगडीत कुडकुडत होते. क्रूस त्यांनी छातीशी घट्ट धरला होता. "नेव्याना," ते म्हणाले, "मी तुमचा नियम मोडला. एकटा उतरलो."

"मोडलात खरा," मी म्हटलं. "उद्यापासून साखळीचा सराव. तुम्ही पहिले."

ग्रोझ्दानदादाने त्यांच्या पेल्यात गरम राकिया, आमची फळांची दारू, ओतली. साहेबांनी एका दमात संपवली.

"आणखी?"

साहेबांनी क्षणभर विचार केला, आणि मान ठामपणे आडवी हलवली. दादाने पेला काठोकाठ भरला.

चर्चच्या अंगणातलं पिंप बाबांनी ग्रोझ्दानदादाच्या बायकोला देऊन टाकलं. येत्या शरदात ती त्यात कोबी घालणार आहे.