पप्पा उठले

निवृत्त झाल्यावर धर्मपाल मेश्राम यांना सगळ्यात अवघड गेली ती दुपार. सारी नोकरी मालगाडीच्या इंजिनात गेलेली. रायपूरहून गाडी घेऊन निघायचं, कधी डोंगरगडकडे, कधी बिलासपूरकडे, आणि रात्रभर जागून परतलं की दिवसा झोपायचं. घरातली दुपार त्यांनी जागेपणी फारशी पाहिलीच नव्हती. आता रायपूरच्याच भनपुरी भागातल्या नव्या घरात ते जेवून उठायचे आणि काही न सुचून बायकोच्या, मीराबाईंच्या, मागे मागे फिरायचे. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातले डबे आपल्या मनाने उंचीप्रमाणे लावून ठेवले. मीराबाईंना हळद सापडेना. संध्याकाळपर्यंत डबे गुपचूप जुन्या जागी गेले होते.

रेल्वे क्वार्टरमधून आणलेलं सामान अजून पुरतं उघडलं नव्हतं. एका रविवारी मुलगी रुचिता मदतीला आली. ती नवा रायपूरला सरकारी कार्यालयात होती. लग्न होऊन शहरातच राहायची, आणि आईवडिलांशी बोलताना मराठीत सुरुवात करून लगेच हिंदीत शिरायची. एका पेटीत जुन्या स्वेटरांच्या खाली तिला व्हिडिओ गेम सापडला. पिवळट पडलेला करडा डबा, दोन रिमोट आणि चित्र घासून गेलेली एक कॅसेट. ती तिथेच फरशीवर बसली.

धर्मपालांनीही डबा ओळखला. रुचिता लहान असताना त्यांनीच तो नागपूरला सीताबर्डीच्या बाजारातून घेतला होता. आणून दिला, एवढंच त्यांना आठवत होतं. पुढे त्याचं काय झालं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मम्मी क्या खेलती थी, पप्पा," रुचिता म्हणाली. "आपको तो पता ही नहीं."

त्यांना ती थट्टा वाटली. पण मीराबाईंनी तोवर कॅसेट हातात घेतली होती आणि तिची खालची पट्टी पदराने पुसून, फुंकर मारून त्या उजेडात धरून पाहत होत्या. हे काम त्यांच्या हाताला नवं नव्हतं.

गेम टीव्हीला जोडला गेला. खेळ साधा होता. काळ्या आभाळात चांदण्या मागे सरकतात, खाली आपलं छोटंसं पांढरं जहाज असतं, आणि वरून शत्रूची जहाजं थव्याथव्याने येतात. त्यांच्या गोळ्या चुकवायच्या आणि त्यांना पाडायचं. टीव्हीतून मोठ्याने संगीत सुरू झालं. मीराबाईंचं जहाज पहिल्याच थव्यात फुटलं. दुसरंही फुटलं.

"आवाज बंद कर रुचू," त्या म्हणाल्या. "मले दिसून नाही राहिलं."

रुचिता हसत सुटली, आणि मग तिने वडिलांना सांगितलं. क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत टीव्ही आणि मागच्या खोलीत पप्पा झोपलेले. मधे नुसता पडदा. म्हणून मायलेकी टीव्हीचा आवाज पार बंद करून खेळायच्या. या गेमला गाणं आहे हे मम्मीने आज पहिल्यांदाच ऐकलं.

आवाज बंद झाला. मीराबाई पाठ ताठ करून बसल्या आणि धर्मपाल पाहत राहिले. थवा यायच्या आधीच त्यांचं जहाज बाजूला झालेलं असायचं. दोन गोळ्यांच्या मधल्या बारीक फटीतून त्या अशा निघायच्या, जणू बाजारातून घाईने घरी चालल्या आहेत. बोलत नव्हत्या, पापणीही क्वचितच लवत होती. संसार सुरू झाल्यापासून ज्या बाईच्या हातचं ते जेवत होते, तिचा हा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांना राग नव्हता, वाईटही वाटत नव्हतं, पण आपल्याच घरात आपण नसलेलं एक घर होतं, एवढं त्यांच्या मनात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःच वायरी जोडल्या आणि मीराबाईंना हाक मारली. "मले शिकव," ते म्हणाले.

दोघांना एकत्र खेळता यायचं. दुसऱ्या रिमोटवर लाल जहाज होतं, ते धर्मपालांचं झालं. ते अगदीच वाईट खेळायचे. समोर काही दिसलं की त्यांचा अंगठा आपोआप मागे यायचा आणि जहाज खालच्या काठाशी जाऊन थांबायचं. याला ब्रेक नाही का, असं त्यांनी विचारलंही. मीराबाई म्हणाल्या, आभाळच पुढून येऊन राहिलं, थांबून कुठं जाल? मग त्यांनी नीट शिकवायला घेतलं. गोळी पाहायची नाही, रिकामी जागा पाहायची. कोपऱ्यात शिरायचं नाही. त्या कडक मास्तरीण निघाल्या. चुकलं की "हव, मेले," एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या.

असे बरेच दिवस गेले. मायलेकींनी शत्रूंना नावं दिलेली होती, ती धर्मपालांना हळूहळू पाठ झाली. भिरभिरणारे ते मच्छर. गोल गोल यायच्या त्या इडल्या. एकामागे एक जोडलेली लांबलचक रांग यायची ती मालगाडी, आणि तिला पाडताना त्यांना अजून थोडं जड जायचं.

एका दुपारी दोघं शेवटच्या राउंडमध्ये पोचली. पडदाभर एक अवाढव्य राखाडी जहाज उतरलं आणि हलेना. मग त्याच्या मधोमध एक डोळा उघडला.

"पप्पा उठले," मीराबाई पुटपुटल्या.

धर्मपालांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तेवढ्यात चहूकडे गोळ्या सुटल्या आणि दोघांचीही जहाजं फुटली. मीराबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला. त्यांच्या लक्षात आलं की ते आपल्या तोंडून निघून गेलं.

"रुचूनं ठेवलं थे नाव," त्या म्हणाल्या. "एवढं मोठं, निजल्यावानी पडून राहते. डोळा उघडला का आपलं काही खरं नाही. इथवर येत होतो आम्ही, तं तिकडं तुमी उठत होते. मंग बंद करावं लागे."

"म्हणजे हा कधी मेलाच नाही?"

"नाही जी."

बाहेर रस्त्यावरून ट्रकांची रांग चालली होती, तिचा घरघराट खिडकीपर्यंत येत होता.

"मले उठवलं असतं तरी चाललं असतं," ते म्हणाले. "एवढं काहून भेत होते?"

"भेत नव्हतो. रात्रभर गाडी चालवत होते तुमी. झोप नसती झाली अन् सिग्नल चुकला असता तं?"

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. गाडी सुखरूप नेली म्हणून साहेबांनी धर्मपालांची पाठ थोपटली होती, निरोपाच्या दिवशी हारही घातला होता. त्यात क्वार्टरमधल्या त्या पडद्याच्या पलीकडे मुकाट खेळणाऱ्या या दोघींचाही वाटा आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बायकोच्या मांडीवरचा रिमोट उचलून तिच्या हातात दिला.

"आता झाली माही झोप," ते म्हणाले. "चाल, लाव पुन्हा. मारू त्याले."

त्या दिवशी जमलं नाही. पण त्याच आठवड्यात एकदा जमलं. धर्मपालांनी आपलं लाल जहाज मुद्दाम पुढे घातलं, गोळ्या त्यांच्यामागे लागल्या आणि ते फुटले. तेवढ्या उसंतीत मीराबाई डोळ्याच्या बरोबर खाली जाऊन उभ्या राहिल्या आणि मारत सुटल्या. राखाडी जहाज तुकड्या-तुकड्यांनी पडलं. इंग्रजीत काही अक्षरं आली, चांदण्या लुकलुकल्या, आणि खेळ पुन्हा पहिल्या राउंडपासून सुरू झाला. फक्त सगळं आता दुप्पट वेगाने येत होतं.

"अजून आहे," मीराबाई समाधानाने म्हणाल्या आणि सरसावून बसल्या.

रुचिताला फोन केला तेव्हा ती कार्यालयात होती. माझ्याशिवाय कसं मारलं, म्हणून हळू आवाजात भांडली, आणि रविवारी सकाळीच दारात उभी राहिली. धर्मपालांनी लाल जहाजाचा रिमोट तिला दिला. पुन्हा पहिल्यापासून सुरू करून, ते राखाडी जहाजही पाडून मायलेकी त्या वेगवान फेरीपर्यंत पोचल्या, पण तिथे रुचिता टिकेना. मच्छरांचा थवा आला की ती कोपऱ्यात पळायची.

"कोपऱ्यात नको शिरू," धर्मपाल मागून म्हणाले. "गोळी नको पाहू. रिकामी जागा पाह्य."

तिने खेळ थांबवून वडिलांकडे पाहिलं. "पप्पा, आपको ये सब कब से आने लगा?"

"तुह्या मायनं शिकवलं," ते म्हणाले, आणि तिला सरकायला सांगून दोघींच्या मधे बसले.